सात छेद किती?

लेख वेबसाइटवर टाकून महिना झाला. रोज रात्री झोपण्यापूर्वी तुम्ही गूगलचं सर्च कन्सोल उघडून बघता आणि आज तिथे आकडा दिसतो: ७. महिन्याभरात गूगलवरून सात वेळा कुणीतरी तुमच्या पानावर आलं.

समजा, लेख फणसाच्या सांदणांचा आहे. बरक्या फणसाचा रस, तांदळाच्या कण्या, गूळ, नारळाचं दूध. कोकणातल्या घरांतला उन्हाळ्याचा पदार्थ. तुम्ही आजीला समोर बसवून मापं विचारलीत, तिच्या ‘अंदाजाने घालायचं’ला वाटी-चमच्यात बसवलंत, दोनदा सांदणं बसली तेव्हा त्याचं कारण शोधलंत आणि मग लिहिलंत. इतकं करून सात.

हा सात मोठा की लहान? शाळेत आपण अपूर्णांक मोठ्याने वाचायचो: सात छेद दहा, सात छेद दहा लाख. ‘छेद’ म्हटल्याशिवाय वाक्य पुरं होत नसे. वेबसाइटच्या ट्रॅफिकचे आकडे मात्र छेद गाळूनच समोर येतात, आणि नव्याने लिहू लागलेली माणसं त्या एकट्या अंशाकडे बघून खचतात. मग लिहिणं थांबतं. मला हे फार लागतं, कारण अशा प्रत्येक थांबण्याबरोबर मराठीत लिहिली जाऊ शकली असती अशी एक गोष्ट राहून जाते. म्हणून या सातच्या खाली छेद घालून बघू. त्यासाठी सगळ्यात मोठ्या आकड्यापासून पायरी पायरीने खाली उतरावं लागेल.

१३० लाख कोटी पत्ते

भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त संख्यास्थानांची नावं दिली. कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी असं चढत चढत ती परार्धापर्यंत जातात, म्हणजे एकावर सतरा शून्यांपर्यंत. रोजच्या व्यवहारात आपल्याला कोटी पुरतो. वेब मोजायला मात्र जलधी लागतो.

१९९८ साली गूगलच्या पहिल्या यादीत २ कोटी ६० लाख पानं होती. २००० साली ती १०० कोटींवर गेली. जुलै २००८मध्ये गूगलने जाहीर केलं की त्यांच्या यंत्रणेला वेबवर १ लाख कोटी वेगवेगळे पत्ते दिसले आहेत; भास्कराचार्यांच्या भाषेत एक महापद्म. २०१६पर्यंत माहीत असलेल्या पत्त्यांचा आकडा १३० लाख कोटींवर पोचला होता. जलधी ओलांडला. अठरा वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या यादीशेजारी हा आकडा ठेवला, तर तो पन्नास लाख पट भरतो.

पण पत्ता ठाऊक असणं आणि पान यादीत घेतलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गूगलवरच्या मक्तेदारीच्या खटल्यात २०२३ साली वॉशिंग्टनच्या न्यायालयात कंपनीचे उपाध्यक्ष पांडू नायक यांची साक्ष झाली. तीत आलेला आकडा असा की २०२० साली गूगलच्या यादीत, म्हणजे इंडेक्समध्ये, सुमारे ४० हजार कोटी दस्तऐवज होते. ढोबळ हिशेब केला तर माहीत असलेल्या सव्वातीनशे पत्त्यांमागे एक. बाकीचे पत्ते म्हणजे बहुतेक तेच पान वेगळ्या रूपात, यंत्राने तयार झालेली कॅलेंडरं, दुकानांच्या याद्यांची लाखो उलटसुलट रूपं.

४० हजार कोटी डोळ्यांपुढे कसे आणायचे? प्रत्येक दस्तऐवजाला साध्या कागदाचा एकच ताव द्या. तावाची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग. हे ताव एकावर एक रचले तर गठ्ठा ४०,००० किलोमीटर उंच होतो. पृथ्वीचा परीघ ४०,०७५ किलोमीटर आहे. म्हणजे गठ्ठा आडवा केला तर विषुववृत्ताला जवळजवळ पूर्ण वेढा पडेल. आणि त्या वेढ्यात कुठेतरी एक ताव तुमच्या सांदणांचा.

इथेच नवख्याला उपयोगी पडणारी पहिली गोष्ट कळते. तुमचं पान वाचकाला दिसण्याआधी तीन मुक्काम असतात. गूगलचा फिरता प्रोग्राम पानापर्यंत पोचला पाहिजे, मग पान यादीत नोंदलं गेलं पाहिजे, आणि त्यानंतर कुणी विचारल्यावर ते इतर पानांच्या रांगेत लागलं पाहिजे. पहिल्या दोन मुक्कामांना काही दिवसांपासून काही आठवडे लागू शकतात. त्या काळातला शून्य हा वाचकांनी दिलेला निकाल नसतो. पान अजून यादीत आलेलंच नसतं. सर्च कन्सोलमध्ये पानाचा पत्ता टाकला की ते नोंदलं गेलंय का, हे स्पष्ट कळतं. आकडा बघून जीव टाकण्याआधी तेवढं बघून घ्यावं.

५ लाख कोटी प्रश्न

ही झाली उत्तरांची बाजू. आता विचारणाऱ्यांची. मार्च २०२५मध्ये गूगलने सांगितलं की त्यांच्याकडे वर्षाला ५ लाख कोटींहून जास्त शोध होतात. ३६५ने भागलं तर दिवसाला १,३७० कोटी. पृथ्वीवरचं प्रत्येक माणूस, तान्ही बाळं धरून, रोज दीडाहून जास्त वेळा काहीतरी विचारतंय असा याचा अर्थ. सेकंदाला १ लाख ५८ हजार. मुंबईच्या वानखेडे स्टेडियममध्ये सुमारे ३३ हजार माणसं मावतात. घड्याळाच्या दर टिकटिकीला जवळजवळ पाच भरलेली वानखेडे एकदम प्रश्न विचारत आहेत, अहोरात्र, वर्षभर.

यातला मला सगळ्यात भावणारा आकडा वेगळाच आहे. रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध पूर्वी कधीच कुणी केलेले नसतात, असं गूगल वर्षानुवर्षं सांगत आलंय. आजच्या शोधांना हेच प्रमाण लावलं तर दिवसाला २०५ कोटी अगदी कोरे प्रश्न होतात. भारताच्या लोकसंख्येपेक्षा कितीतरी जास्त, आणि तेही रोज नव्याने.

माणसं पाठ्यपुस्तकातल्यासारखं विचारत नाहीत. ‘सांदण’ एवढंच न लिहिता ती लिहितात, ‘इडलीपात्र नसेल तर सांदणं कशात वाफवायची’, ‘डब्यातल्या फणसाच्या रसाची सांदणं होतात का’, ‘सांदणं चिकट का झाली’. अशा प्रश्नांना जुनी, बलाढ्य, तयार उत्तरं नसतात. तुमची दोनदा बसलेली सांदणं इथे कामाला येतात. ती का बसली, हे तुम्ही मोकळेपणी लिहिलं असेल, तर त्या एका ओळीसाठी गूगल एखाद्याला तुमच्या दारात आणून सोडेल.

८ कोटी ३० लाख माणसं

२०११च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मातृभाषा मराठी सांगितली. जगाच्या लोकसंख्येशी ताडून पाहिलं तर पृथ्वीवरच्या साधारण शंभर माणसांत एक माणूस मराठी आहे. वेबवर मात्र चित्र पार वेगळं. जगातल्या वेबसाइटींपैकी जवळपास निम्म्या इंग्रजीत आहेत, आणि मराठीचा वाटा हजारात एक इतकाही भरत नाही. विकिपीडियावर इंग्रजी लेख ७० लाख झाले, मराठी सुमारे एक लाख.

याला कारणं आहेत. देवनागरी युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी असलेल्या समान संगणकीय संकेताच्या, अगदी पहिल्या आवृत्तीत, १९९१ सालीच आली होती. पण पुढे बरीच वर्षं आपण निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टांवर लिहीत राहिलो. पडद्यावर सुरेख मराठी दिसायचं, आणि संगणकाच्या पोटात त्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी साठवलेली असायची. सर्च इंजिनला ती खिचडीच दिसायची. तेव्हा वेबवर टाकलेला कितीतरी मजकूर म्हणूनच शोधात कधी सापडला नाही.

मराठीच्या वाट्याचा हा आकडा वाचून वाईट वाटतं, पण त्यात नव्या लेखकासाठी एक जागाही आहे. शंभरात एक वाचक आणि हजारात एकाहूनही कमी वेबसाइट, म्हणजे जेवढी माणसं विचारतात त्या मानाने उत्तरं देणारी पानं दहापटीने कमी. इंग्रजीत केकच्या कृतीवर लिहिणारा माणूस गर्दीत उभा असतो. आजीची सांदणं, गावच्या देवीच्या जत्रेचा क्रम, एखाद्या गडाची पाणवठ्याकडची वाट, सातबाऱ्यावरच्या नोंदी कशा वाचायच्या, यांवर मराठीत नीट लिहिणारा अजूनही बहुधा मोकळ्या मैदानात उभा असतो.

हजारातली ९६५

आता कडू घोट. एचरेफ्स नावाच्या कंपनीने २०२३ साली सुमारे १,४०० कोटी पानं तपासली. त्यांतल्या ९६.५५ टक्के पानांना गूगलवरून एकही वाचक मिळत नव्हता. हजार पानं धरा. ९६५ पानांवर शून्य. १९ पानांवर महिन्याला एक ते दहा. त्याहून जास्त वाचक मिळवणारी पानं उरली सुमारे १५.

पुन्हा वाचा: महिन्याला एक ते दहा वाचक मिळवणारी पानं हजारात १९. तुमचं सात वाचकांचं पान त्यांत आहे. त्या हिशेबाने तुम्ही ९६५ पानांच्या पुढे उभे आहात.

मागे राहिलेल्या पानांची मुख्य कारणंही त्याच अभ्यासात आहेत. दुसऱ्या कुणाही वेबसाइटवरून त्यांना दुवा दिलेला नसतो, किंवा त्या विषयावर कुणी काही शोधतच नसतं, किंवा शोधणाऱ्याला हवं असतं एक आणि पानावर असतं भलतंच. पहिलं कारण गूगलच्या जन्माइतकं जुनं. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली मांडलेल्या पेजरँकचं मूळ तेच: एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा म्हणजे एक शिफारस, आणि ज्याच्याकडे शिफारशी जास्त, त्याच्या शिफारशीला वजनही जास्त. त्यानंतर रांग लावायच्या कसोट्या पुष्कळ वाढल्या, पण शिफारशीचं मोल टिकून आहे. म्हणून दुसऱ्या कुणाच्या चांगल्या लेखाला आपण दुवा द्यावा, आपलं काम योग्य माणसांना दाखवावं. ओळखीपाळखीतूनच नाव होतं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

वेळेचाही एक छेद असतो. त्याच कंपनीने २०१७ साली बघितलं तेव्हा नव्या पानांपैकी ५.७ टक्के पानं वर्षभरात पहिल्या दहा निकालांत पोचत होती. २०२५ साली हे प्रमाण १.७४ टक्के झालं. म्हणजे महिन्याभरात निकाल मागणं हे कलम लावून आठ दिवसांत आंबा मागण्यासारखं आहे.

हजारातले ३६० आणि शंभरातले २८

रांगेत जागा मिळाली म्हणजे वाचक आलाच असंही नाही. अमेरिकेतल्या शोधांचा २०२४चा एक अभ्यास सांगतो की दर हजार शोधांमागे फक्त ३६० क्लिक गूगलबाहेरच्या मोकळ्या वेबवर जातात. जवळपास साठ टक्के शोध क्लिकविनाच संपतात. उत्तर तिथल्या तिथे मिळतं किंवा माणूस प्रश्न बदलतो.

जे क्लिक होतात, तेही सारखे वाटले जात नाहीत. चाळीस लाख शोधनिकालांच्या एका विश्लेषणात पहिल्या निकालाला २७.६ टक्के क्लिक मिळालेले दिसले, शंभरात जवळजवळ २८. दहाव्या निकालाला त्याच्या दशांशाच्या आसपास. आणि दुसऱ्या पानावर जाऊन क्लिक करणारे शोधकर्ते ०.६३ टक्के, हजारात सहा. तुमचं पान अकराव्या जागी असेल तर ते जणू माळ्यावर ठेवलेलं आहे. अकरावरून आठवर येणं कागदावर तीन पायऱ्यांचं दिसतं. प्रत्यक्षात ते माळ्यावरून ओसरीवर येणं आहे.

७० आणि ५१

काही आकडे उलट्या बाजूने फसवतात, म्हणजे उगाच फुगवतात. होस्टिंगच्या पॅनेलवर ‘हिट्स’ नावाचा एक रकाना असतो. एक वेबपान उघडताना ब्राउझर आजकाल साधारण ७० वेगवेगळ्या गोष्टी मागवतो: चित्रं, फॉन्ट, सजावटीच्या फायली. अशी प्रत्येक मागणी एक हिट. तुमच्या पानावर दहाच माणसं आली, तरी हिट्स सातशेच्या घरात दिसू शकतात.

आणि ती दहाही माणसंच असतील असं नाही. इम्पर्वा या सुरक्षा कंपनीच्या अहवालानुसार २०२४ साली वेबवरच्या एकूण ट्रॅफिकपैकी ५१ टक्के ट्रॅफिक बॉटचं, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांचं होतं. माणसं निम्म्याहून कमी. गूगल अॅनालिटिक्ससारखी साधनं ओळखीचे बॉट वगळून मोजतात, म्हणून त्यांचा आकडा लहान आणि जास्त प्रामाणिक असतो. दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर लहान आकड्यावर विश्वास ठेवा.

अॅनालिटिक्समध्ये ‘डायरेक्ट’ असाही एक कप्पा असतो. वाचक कुठून आला हे कळलं नाही की तो तिथे मोजला जातो. व्हॉट्सअॅपवरून आलेला वाचक पुष्कळदा तिथेच पडतो, त्यामुळे आपल्याकडच्या वाचकांचा बराच वाटा या कप्प्यात असू शकतो. आणि कुणी तुमची कृती नुसती कॉपी करून चार ग्रुपवर टाकली, तर ती कुठल्याच रकान्यात उमटत नाही.

४५ चिन्हं

‘सांदण’ हा शब्द संगणकाच्या लेखी पाच चिन्हांचा आहे: स, काना, अनुस्वार, द, ण. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि वेबच्या पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याची खूण धरून तीन अक्षरांत लिहिला जातो. पाच त्रिक पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस. कॉपी करून पाठवलेल्या दुव्यात तुमचा तीन अक्षरी शब्द ४५ अक्षरांची रांग होऊन बसतो. गूगलला ती वाचता येते. ज्याला दुवा पाठवला त्याला मात्र ती बघून धडकी भरते. म्हणून मराठी पत्ता ठेवायचा तर एक-दोन शब्दांचा ठेवावा.

शोधणाऱ्याच्या बोटांनाही अनेक सवयी असतात. कुणी ‘सांदण’ लिहितो, कुणी ‘सांदणं’, कुणी ‘सांदणे’, आणि बरेचजण रोमन लिपीत लिहून मोकळे होतात. गूगल यातलं बरंच जुळवून घेतं, सगळं नाही. आपल्या लेखात ही रूपं सहज, वाक्याच्या ओघात आली तर शोधणाऱ्याचा हात आपल्यापर्यंत पोचतो. मात्र एकच शब्द पन्नासदा कोंबू नये. ती युक्ती गूगलने केव्हाच ओळखली आहे, आणि वाचक तर पहिल्या परिच्छेदातच कंटाळतो.

आणि ७

आता परत त्या आकड्याकडे. सर्च कन्सोलमध्ये क्लिकच्या शेजारी ‘इम्प्रेशन्स’ असतात: तुमचं पान निकालांत किती वेळा समोर आलं. समजा, तिथे १४० आहेत. सात छेद एकशे चाळीस, म्हणजे पाच टक्के. अखेर छेद मिळाला.

पण इथे थांबू नका. त्याखाली शोधांची यादी उघडा. समजा, १४० पैकी ६० वेळा पान समोर आलं ते ‘सांदण दरी’ या शोधासाठी, आणि त्यातून एकही क्लिक नाही. अकोले तालुक्यात साम्रद गावाजवळ सांदण दरी आहे. ट्रेकला निघालेली माणसं तिचा रस्ता शोधत होती. त्यांना फणस नको होता. त्यांनी तुमच्या लेखाकडे पाठ फिरवली नाही, ती तुमच्याकडे आलीच नव्हती. ते ६० वजा करा. उरले ८०. सात छेद ऐंशी: शंभरात जवळजवळ नऊ. नव्या पानासाठी हे चांगलं प्रमाण आहे.

एकच अंश, आणि तीन छेद. ५ लाख कोटींखाली तो दिसेनासा होतो, १४०खाली बेताचा वाटतो, ८०खाली तोलामोलाचा ठरतो. यातला खरा छेद तो, ज्यात तुम्हाला जे सांगायचंय तेच शोधणारी माणसं मोजलेली आहेत. तो मोठा करता येतो: लेखाच्या नावात ‘फणसाची’ हा शब्द आणा म्हणजे दरीवाले वेगळे होतील, रस जास्त पडला तर काय करायचं त्याची एक ओळ घाला, इडलीपात्र नसलं तर काय, त्याचा फोटो लावा.

सर्च कन्सोल मागच्या १६ महिन्यांची माहिती ठेवतं. म्हणजे दोन उन्हाळे त्यात शेजारी शेजारी बसतात. पुढच्या वैशाखात बरका फणस पिकेल, घरोघर रस गाळला जाईल आणि कुणाच्या तरी पुण्यातल्या किंवा न्यू जर्सीतल्या स्वयंपाकघरात सांदणं बसतील. त्या दिवशी यंदाचा मे आणि गेल्या वर्षीचा मे एकाखाली एक मांडून बघा. तोवर आजीकडून खापरोळ्यांचीही मापं घेऊन ठेवा.